चौदा नंबरची जांभळी पिलं

शनिवार, ३० नोव्हेंबर १९५७

जोड्या लागल्या! सात पेट्या टांगल्या, भुसा चाळून घातला, समुद्रफेसाचे तुकडे तारेला अडकवले — बोटं गारठून गेली माझी. विल्फ स्टुलावर बसून भाकितं सांगत होता. पहिली जोडी : नर हिरवा, पण पोटात निळा लपवून बसलेला, मादी उघड निळी. म्हणजे निम्मी पिलं हिरवी, निम्मी निळी. कानामागून पेन्सिल काढायची, वहीत चार घरं आखायची, पेन्सिल परत कानामागे. आमच्या बजरीगर पोपटांची पिलं आधी विल्फच्या डोक्यात जन्माला येतात, अंड्यात नंतर.

सातव्या पेटीपाशी आला आणि वही मिटली. चौदा नंबरचा नर आणि एक आकाशी मादी. म्हणाला, "हिचं भाकीत नाही करत. ते तूच सांगशील." बरंही वाटलं आणि वाईटही.

आणि मग, हात पुसता पुसता, अगदी सहज — यंदा सातव्या पेटीतलं एक पिलू वेकफील्डच्या प्रदर्शनात ठेवायचं म्हणतोय! चौदाचं डोकं किती भरदार आहे, असं डोकं उतरलं तर बघत राहतील लोक. मी बादली उचलली आणि बाहेर आले. हातातून पडली असती.

रविवार, १ डिसेंबर

प्रार्थनेत लक्ष नव्हतं. इथे तरी लिहून टाकते. ही रोजनिशी विल्फ उघडत नाही, त्याची वही मी उघडत नाही — लग्नापासूनचा करार आहे.

विल्फला निळा आणि जांभळा यांतला फरक दिसत नाही. आता जगात हे दोघांनाच ठाऊक, त्याला आणि मला. सतराव्या वर्षी रेल्वेत लागायला गेला. साहेबांनी टेबलावर रंगीत लोकरीच्या लडी टाकल्या आणि सारख्या रंगाच्या जोड्या लाव म्हणाले. त्याने लावल्या. साहेब हसले. वडील इंजिन ड्रायव्हर. घरी आल्यावर एवढंच म्हणाले की हे कुणाजवळ बोलू नकोस. मग गेला कोळशाच्या खाणीत, तिथे सगळंच काळं. मला त्याने सांगितलं ते लग्नाच्या आदल्या आठवड्यात, माझ्या आईच्या परसात, मान खाली घालून. मी म्हटलं, एवढंच ना? मला वाटलं दारू पितोस!

तेव्हा शेडमध्ये डोकं त्याचं आणि डोळे माझे. पिलांना पिसं फुटली की मी पेटीत डोकावते, रंग सांगते, तो लिहितो. लढाई संपल्यापासून असंच चाललंय आणि मला ते फार आवडतं.

आता पुढचं. चार वर्षांपूर्वीच्या जानेवारीत खाणीत छत कोसळलं, विल्फचा पाय तीन ठिकाणी मोडला. आठ आठवडे प्लास्टरमध्ये, तोंड भिंतीकडे. बोलेना, जेवेना. अपघाताच्या आधी त्याने एक नर आणला होता, जांभळ्याचा गुण आहे म्हणून विकलेला. त्याच्या पिलांना पिसं फुटली. मी जाऊन बघितली — कोबाल्ट म्हणजे गडद निळी, आकाशी, कोबाल्ट, आकाशी. जांभळ्याचा पत्ता नाही. वर आले. विल्फने भिंतीकडची मान वळवली आणि विचारलं, "काय निघालं?"

मी म्हटलं, "जांभळा!"

तो उठून बसला. सूप मागितलं. दोन वाट्या प्यायला!

आता सांगा, त्यात कुणाचं काय बिघडलं? पण जांभळा म्हटला की त्याची पिलं येतात, त्या पिलांतही जांभळी निघावी लागतात. दर वर्षी कोबाल्टांतली एक सोडून एक मी जांभळी म्हणून सांगत आले. चौदा नंबरचा नर त्यातलाच. लख्ख कोबाल्ट. पक्षी पाळणाऱ्यांच्या क्लबातलं कुणी आलं की मी शेडच्या दारातच अडवते, पक्षी बिचकतात म्हणून. चार वर्षं निभावलं. पण प्रदर्शनात जांभळ्यांच्या रांगेत कोबाल्ट ठेवला तर? शेंबडं पोरसुद्धा सांगेल. सगळा जिल्हा हसेल, आणि विल्फच्या डोळ्यांचं सगळ्यांना कळेल. ज्या माणसाला अख्खा क्लब प्रोफेसर म्हणतो, त्याच्यावर हसतील — माझ्यापायी.

बुधवार, ४ डिसेंबर

क्लबची सभा. मी चहा द्यायला होतेच. सेक्रेटरी सगडेन महाशयांनी जाहीर केलं की येत्या सप्टेंबरात वेकफील्डला जांभळ्यांचा स्वतंत्र वर्ग, परीक्षक बाहेरून येणार, फार कडक माणूस. मग सगळे नेहमीसारखे विल्फभोवती. माझी मादी अशी, नर तसा, काय निघेल? विल्फ चार घरं आखतो आणि सांगतो. आणि तसंच निघतं! खाणीतली धिप्पाड माणसं शाळेतल्या पोरांसारखी त्याच्या पेन्सिलीकडे बघत असतात. मला इतका अभिमान वाटला की चहात दोनदा साखर घातली.

स्वतःच्या जांभळ्यांबद्दल मात्र तो क्लबात अवाक्षर काढत नाही. किती नम्र असावं माणसाने!

शुक्रवार, ६ डिसेंबर

मेले!

विल्फ कामावर गेल्यावर त्याचं रंगांचं छापील पुस्तक काढलं आणि कोठीघरात बसून वाचलं. निदान खोटं तरी शिस्तीत बोलावं म्हणून. एका बाजूला ओव्हनमध्ये आल्याचा केक. पान सत्तेचाळीस. जांभळ्याचा गुण पिढ्यान्पिढ्या झोपून राहत नाही, आईबापांपैकी एकात तरी जागा असावाच लागतो. बरं. जांभळा नर आणि आकाशी मादी, म्हणजे पिलं चार तऱ्हेची. पाव हिस्सा जांभळी, पाव कोबाल्ट, पाव आकाशी. आणि उरलेला पाव?

उरलेला पाव म्हणजे जांभळ्या गुणाची आकाशी. दिसायला आकाशीहून गडद, कोबाल्टहून फिकी.

मी चार वर्षांत एकदाही तसलं पिलू सांगितलेलं नाही! पस्तीस पिलं! असलं काही असतं हेच मला ठाऊक नव्हतं. आणि विल्फने विचारलं कसं नाही? दुसऱ्याच्या पक्ष्यांत एक पिलू इकडचं तिकडे झालं तर त्याला झोप लागत नाही.

त्याचा माझ्यावर फार विश्वास आहे म्हणून. तेच तर वाईट आहे. केक करपला.

शनिवार, १४ डिसेंबर

सातव्या पेटीत पहिलं अंडं! विल्फने पेन्सिलीने कवचावर १ लिहिला. एवढ्या राकट हातात एवढंसं अंडं, आणि धक्का म्हणून लागत नाही.

मंगळवार, १७ डिसेंबर

लम्बबाईंकडे जाऊन आले. थर्झा लम्ब, मला अक्षरं शिकवणाऱ्या. आता निवृत्त, एकट्या राहतात, आणि त्यांच्या बागेतल्या शेडमध्ये या बाजूचे सगळ्यांत सुंदर जांभळे बजरीगर आहेत. क्लबात त्या फारशा येत नाहीत, तंबाखूच्या धुराने पक्षी मरतात म्हणतात. माणसांचं काय होतं ते बोलत नाहीत.

मी विल्फच्या डोळ्यांचं नाव काढलं नाही. पण बाकी सगळं सांगून टाकलं. त्या विणत होत्या, मान वर केली नाही.

"म्हणजे खोटं बोललीस."

"हो, बाई."

"चार वर्षं. आणि प्रमाण राखून?"

मग पाव हिस्सा राहून गेल्याचंही सांगावं लागलं. तेव्हा कुठे सुया थांबल्या. इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, "गणितात तू नेहमी एक पायरी गाळायचीस."

मी काय मागायला आले होते ते त्यांना माझ्या आधी कळलं. तयार पक्षी आणून उपयोग नाही, कारण प्रदर्शनातल्या पक्ष्याच्या पायात ज्याच्या त्याच्या नंबरचं बंद वाळं लागतं, आणि ते आठवड्याच्या पिलाच्याच पायात चढतं. मोठ्या पक्ष्याच्या पायात चढत नाही की उतरत नाही. तेव्हा पक्षी नको. अंडं हवं. त्यांची जोडीही आमच्याच दिवशी लागलेली. नर दुहेरी जांभळ्या गुणाचा, म्हणजे प्रत्येक पिलात गुण उतरणारच, आणि त्यांतली निम्मी खरी जांभळी दिसणार. मी मनात घरं आखली. दोन अंडी घेतली तर एक तरी जांभळं निघण्याची शक्यता चारात तीन! बाईंना बोलून दाखवलं. त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं.

"दोन नेशील, दोन आणशील," म्हणाल्या. "तुमची अंडी माझी मादी उबवेल. आणि प्रदर्शन झालं की विल्फला सगळं सांगायचं. नाही सांगितलंस तर मी येऊन सांगेन."

कबूल केलं. न करून सांगते कुणाला.

शुक्रवार, २० डिसेंबर

केलं!

सकाळी विल्फ दिव्यांच्या खोलीत कामाला गेला (पायामुळे आता खाली उतरत नाही, वर बसून दिवे देतो). मी सातव्या पेटीतली २ आणि ३ काढली. लोकरीच्या मोज्यात घालून मोजा पोलक्याच्या आत. वर कोट, वर शाल. बसमध्ये चढले तर नेमकी गर्दी, आणि खाटकाची बायको, ती आडव्या अंगाची, माझ्या शेजारी टेकायला लागली. मी किंचाळले! सगळी बस वळून बघायला लागली. मी म्हटलं, डॉक्टरने सांगितलंय, कुणी टेकायचं नाही. एका म्हाताऱ्याने उठून दोन माणसांची जागा मला एकटीला दिली आणि हळूच विचारलं, कितवा महिना? बावन्न वर्षांची आहे मी!

येताना बाईंची दोन अंडी त्याच मोज्यात. घरी येऊन त्यांच्यावर २ आणि ३ लिहायचं होतं. विल्फचा ३ शेपूट वळवलेला असतो. रद्दी कागदावर वीस वेळा गिरवला, मग कवचावर. मादी आमची मोठी समजूतदार. आत आली, अंड्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि बसली.

शनिवार, २८ डिसेंबर

विल्फने टॉर्च लावून अंडी तपासली. २ नंबरचं कोरं. आत काही नाही. म्हणजे चारात तीन गेलं, निम्म्यावर आलो. तो म्हणाला, "होतं असं कधी कधी." मी इतकी रडवेली झाले की त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. एका कोऱ्या अंड्यासाठी!

शनिवार, ४ जानेवारी १९५८

तीन नंबरचं फुटलं! गुलाबी, आंधळं, उघडं-नागडं, आणि आवाज केवढा. कुठलाही रंग नाही. कोंबडीच्या काळजाएवढा जीव, त्यात काय लपलंय ते फक्त त्यालाच माहीत. नव्हे, त्यालाही माहीत नाही.

शनिवार, ११ जानेवारी

विल्फने वाळी चढवली. पुढची दोन बोटं एकत्र धरून आत घालायची, वाळं वर सरकवायचं, मग मागची दोन अलगद सोडवायची. तोंडाने अखंड पुटपुटत असतो, झालं बाळा, झालं. आमच्या नंबरचं वाळं बाईंच्या पिलाच्या पायात गेलं आणि मी टॉवेल घेऊन शेजारी उभी. ना हसता येई ना रडता.

मंगळवार, २१ जानेवारी

पंखांच्या मुळांशी पिसांच्या काड्या. गडद आहेत. पण गडद म्हणजे कोणतं गडद? दिवसातून सहा वेळा बघून आले. मादीने चावलं.

शनिवार, २५ जानेवारी

जांभळा!!

जांभळा, जांभळा, जांभळा. खिडकीतून ऊन आलं, पेटीचं झाकण उघडलं आणि छातीवर तो रंग. मी चार वर्षं जे नाव घेत होते ते मी स्वतः कधी बघितलंच नव्हतं! कोबाल्टशी त्याचा काही संबंध नाही. धर्मगुरूंच्या नाताळाआधीच्या गळपट्ट्याचा असतो ना, तो. तशीच स्टुलावर बसले.

विल्फ वही घेऊन आला. पेटीत पाच पिलं. मी सांगायला सुरुवात केली. पहिलं कोबाल्ट. दुसरं आकाशी. आणि मग, छापील पुस्तकाला स्मरून : तिसरं जांभळ्या गुणाचं आकाशी. (खोटं. साधं आकाशी आहे. पण एकदा तरी हिशोब पुरा करावा म्हटलं.) पेन्सिल थांबली. विल्फने वर बघितलं.

"कधीपासून ओळखायला लागलीस ती?"

मी म्हटलं, डोळे निवळले असतील माझे. तो म्हणाला, बरं बरं. चौथं कोबाल्ट. आणि मुद्दाम शेवटी ठेवलेलं पाचवं, बाईंच्या अंड्यातलं... माझा आवाज इतका चढला की वरच्या दांडीवरचे सगळे पक्षी उडाले. जांभळा, विल्फ! काय सुंदर जांभळा आहे!

तो माझ्याकडे बघत राहिला. पेटीकडे नाही, माझ्याकडे. मग हसला आणि लिहिलं. लिहिताना जीभ दातात, नेहमीसारखी.

रविवार, २ फेब्रुवारी

जन्मात पहिल्यांदा खरं बोलले आणि कुणाला सांगताही येत नाही!

शनिवार, १ मार्च

पाचवं पिलू पेटीबाहेर येऊन तीन आठवडे झाले. नर आहे, नाकावरची पट्टी आता निळसर होईल. विल्फ त्याला हातावर घेऊन डोकं बघत होता, रुंद, कपाळ भरलेलं. चौदावर गेलंय म्हणाला. मी आतून शरमले. चौदाचा काय संबंध बिचाऱ्याचा! बाईंच्या नराचं डोकं ते. पण पुढे पुढे मीच केलं, प्रदर्शनात पाठवायचं तर हेच पाठव म्हणून. तो म्हणाला, माझ्याही मनात हेच आहे.

रविवार, १५ जून

प्रदर्शनाच्या पिंजऱ्याची सवय चालू आहे. मी येता-जाता छोट्या काठीने पिंजऱ्यावर टकटक करते, तो न घाबरता दांडीवर ताठ उभा राहतो, पाहुण्यांसमोर बसवलेल्या मुलासारखा. गळ्यावरचे जादा ठिपके माझ्या भुवया उपटायच्या चिमट्याने काढले. सहाच हवेत. एक ठिपका चुकून जास्तीचा गेला असता तर पाच राहिले असते आणि सगळंच संपलं असतं. विल्फ शेजारी श्वास रोखून उभा. काढून झालं तेव्हा दोघांनी एकदमच श्वास सोडला आणि हसू आलं. सुखाचे दिवस आहेत हे. लिहून ठेवते, म्हणजे नंतर नाकारता येणार नाही.

सोमवार, १८ ऑगस्ट

प्रवेशाचा फॉर्म विल्फने स्वतः भरला आणि स्वतः पेटीत टाकून आला. मला दाखवला नाही, मी विचारला नाही. उगीच चौकशी करून संशय कशाला.

लम्बबाई शुक्रवारी बाजारात भेटल्या. सफरचंदं निवडत निवडत म्हणाल्या, "तुमची दोन्ही मजेत आहेत. एक कोबाल्ट, एक आकाशी. पोरं गुणी आहेत." आणि मग, "पहिला नंबर आला तर घेशील?" तीन दिवस तेच डोक्यात. दुसऱ्याच्या अंड्यावर पहिला नंबर! मला विल्फची लाज राखायची होती, चषक नको होता. देवा, दुसरा-तिसरा येऊ दे. नाहीतर चौथा.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

पिंजरा धुतला. काळा रंग पुन्हा चमकवला. पक्ष्यावर कोमट पाणी फवारलं, तो अंग झाडून असा बसला की बघत राहावं. विल्फचा कोट इस्त्री केला. विल्फ स्वयंपाकघरात शीळ घालतोय. उद्या.

शनिवार, २० सप्टेंबर

आजच लिहायचं.

परीक्षण सकाळी बंद दारांआड झालं. दुपारी एकला दार उघडलं. मी विल्फला मागे सोडून धावलेच, थेट जांभळ्यांच्या रांगेकडे. आठ पिंजरे. एक, दोन, तीन... आठ. आमचा नाही! पुन्हा मोजले. पहिल्या नंबरचं कार्ड लम्बबाईंच्या पक्ष्यावर. आमच्या पिलाचा सख्खा भाऊ तो, तोच तोरा. पण आमचा कुठे? मेला की काय वाटलं.

पलीकडे माणसांचा घोळका दिसला. कोबाल्टांची रांग. अकरा कोबाल्ट, आणि मध्ये आमचा. दिव्याखाली तो रंग असा उठून दिसत होता की बाकीचे अकरा धुतल्यासारखे वाटत होते. पिंजऱ्यावर कार्ड : चुकीचा वर्ग. बाद.

मला काही कळेना. म्हटलं, प्रदर्शनवाल्यांचीच चूक. एवढ्यात विल्फ लंगडत आला. कार्ड वाचलं. पक्ष्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. त्याचा चेहरा मी कधी तसा बघितला नव्हता. सगडेन तिथेच होते, आणि सगडेन गप्प कसले बसतात!

"काय प्रोफेसर, डोळे घरी विसरलात? मांजरालाही कळेल हा जांभळा आहे."

हसले लोक. सगळे नाही, पण हसले. वर्षभर ज्याला भीत होते ते तसंच्या तसं समोर आलं. माझ्याच हाताने. मी तोंड उघडलं, पण विल्फने माझं मनगट धरलं आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"मला निळा आणि जांभळा सारखाच दिसतो. जन्मापासून. रेल्वेने त्यासाठीच घेतलं नव्हतं."

पक्षी तेवढे ओरडत होते. सगडेनचा चेहरा बघण्यासारखा होता. अडखळत म्हणाले, मग इतकी वर्षं आमच्या जोड्यांची ती भाकितं?

"भाकिताला डोळे लागत नाहीत," विल्फ म्हणाला. "जिथे लागतात तिथे ही आहे."

मग काय झालं ते मला नीट आठवत नाही. सगडेननी टोपी काढली एवढं आठवतं. बाहेरून आलेला कडक परीक्षक विल्फचा हात हलवत होता आणि सांगत होता की जांभळ्यांत असता तर याच्यापुढे कुणी टिकलं नसतं. आणि खाणीतलाच एक जण, धुराड्यासारखा उंच, कानाशी येऊन हळूच म्हणाला की त्यालाही लाल-हिरवा कळत नाही, बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. लम्बबाई लांबून आपल्या चषकाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत होत्या.

बसमध्ये विल्फ खिडकीकडे तोंड करून बसला. पिंजरा मांडीवर, वर माझी शाल. मधूनच खांदे हलत होते. मला वाटलं रडतोय. वाकून बघितलं तर हसत होता!

रविवार, २१ सप्टेंबर

सकाळी चहा ओतता ओतता एका दमात सगळं सांगून टाकलं. सूप, चार वर्षं, बाई, मोजा, बस, शेपटाचा ३. तो ऐकत राहिला. मग मी विचारलं, कोबाल्टांच्या रांगेत कशाला घातलास रे त्याला?

"तू जांभळा म्हणालीस म्हणून."

मला कळेना.

"तू जांभळा म्हटलंस की मी कोबाल्ट लिहितो. पहिल्या वर्षीची पिलं मोजली आणि त्यांत तो उरलेला पाव नव्हता, तेव्हापासून. चार वर्षांत एकदाही चुकलो नव्हतो."

कपात ओतता ओतता बशी भरली, टेबलावरून चहा खाली गळायला लागला. मग बोलला का नाहीस? चार वर्षं?

त्याने फडकं घेतलं आणि टेबल पुसायला लागला. म्हणाला, "मला तो रंग कधी दिसणार नाही, एडना. पेटीत डोकावून तू 'जांभळा' म्हणतेस ना, तेव्हा तो मला ऐकू येतो."